ओसरीवरच्या गप्पा : अकराव्या चालीचा उंट

वाचकहो, फराळाचे ताट पुढे ओढून निवांत बसला असाल, तर यंदाच्या गप्पांना सुरुवात करायला हरकत नाही. गेल्या दिवाळीत याच पानावर मी सौ.चे अनारसे तुपात का हसले याची सविस्तर मीमांसा केली होती. ती छापून आली, आपणांपैकी पुष्कळांना आवडली, आणि तिचे परिणाम मला थेट संक्रांतीपर्यंत भोगावे लागले. म्हणून यंदा स्वयंपाकघराच्या वाटेला जायचे नाही असा निश्चय करून मी बुद्धिबळाचा विषय घेतला आहे. विषय मोठा निरुपद्रवी वाटतो. चौसष्ट घरे, बत्तीस मोहरे, दोन माणसे आणि निवून गेलेला चहा! परंतु आमच्या घरात हा विषय अनारशांहूनही नाजूक आहे, हे पुढे कळेलच.

आधी गावाविषयी दोन शब्द. केडगाव म्हटले की बाहेरगावच्या माणसाला दौंडजवळचे केडगाव आठवते. आमचे ते नव्हे. आमचे केडगाव नगरचे, पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेचे. नगरचे नाव २०२४ साली सरकारदरबारी अहिल्यानगर झाले. पण इतक्या वर्षांची जिभेची सवय एकदम जात नाही, तेव्हा या पानापुरते वाचकांनी ‘नगर’ चालवून घ्यावे. नवरात्रात देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी सोडली, तर आमच्या ओसरीवर बसणाऱ्या माणसाला घाई अशी नसते. मी सारी उमर टपालखात्यात काढली. दुसऱ्यांची पत्रे वेळेवर पोचवली आणि उरलेल्या वेळात बुद्धिबळ खेळलो. तेही टपालानेच! सांगलीच्या एका मित्राशी माझा डाव पंधरा पैशांच्या कार्डावर चालत असे. एका कार्डावर एक चाल, खाली ‘सर्वांस नमस्कार’. एक डाव संपायला दीड वर्ष लागले आणि त्या अवधीत दोघांच्याही घरी एकेक बारसे झाले.

आमच्या घरात आता बुद्धिबळ खेळणारा माणूस म्हणजे आमचा नातू. वय वर्षे अकरा, इयत्ता सहावी. त्याच्या खेळाचे वर्णन करायचे तर एका शब्दात सांगतो : हाणामारी. घोडा दिसला की मार, उंट दिसला की दे, राजाला शह बसतो आहे ना, मग मागे काय जळते आहे ते पाहायचे नाही. मी म्हणतो, “अरे, त्या मोहऱ्याला जोर कुणाचा आहे ते तरी बघ.” तो म्हणतो, “आबा, तुम्ही फार घाबरून खेळता.” आता टपालखात्यातल्या माणसाने रजिस्टर पाकीट सांभाळावे तसे मी प्यादे सांभाळतो हे खरे, पण अकरा वर्षांच्या पोराने ते तोंडावर बोलून दाखवावे काय?

या पोराचे दैवत कोण, असे विचाराल तर ते आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. नगरहून शिर्डी-सिन्नरच्या वाटेने गेले की नाशिक. तिथला विदित गुजराथी. जन्म २४ ऑक्टोबर १९९४ चा, म्हणजे दिवाळीच्या आगेमागेच. आई-वडील दोघेही डॉक्टरकीच्या पेशातले. २००८ साली व्हिएतनाममध्ये झालेल्या स्पर्धेत हा मुलगा चौदा वर्षांखालील गटाचा जगज्जेता झाला. २०१३ साली ग्रँडमास्टर झाला आणि त्याच वर्षी वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक आणले. २०१७ साली त्याने गुणांकनात २७०० चा आकडा ओलांडला. बुद्धिबळात या आकड्याला गिरणीतल्या भोंग्याइतका मान आहे. तो वाजला की सारे जग समजते की हा माणूस आता पहिल्या पंगतीला बसला. विश्वनाथन आनंद, शशिकिरण आणि हरिकृष्ण यांच्यानंतर तो ओलांडणारा विदित हा चौथा भारतीय. पुढे २०१८ मध्ये हॉलंडातील वाइक-आन-झे गावच्या प्रसिद्ध महोत्सवात त्याने आव्हानवीरांचा गट जिंकला आणि २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बीलची स्पर्धा जिंकली.

आता गंमत पाहा. आमचा नातू ज्याला तलवारबहाद्दर समजतो, तो विदित मूळचा तलवारबहाद्दर म्हणून नावाजलेला खेळाडू नव्हेच. त्याची ख्याती पक्क्या बांधणीची. मोहरे योग्य घरांवर नेऊन बसवायचे, कुठे भोक पडू द्यायचे नाही, समोरच्याने चूक केली की ती हळूच खिशात घालायची आणि तासा-दोन तासांनी तिचे पैसे वसूल करायचे, ही त्याची रीत. मग त्याच्या नावावर एवढा भडक हल्ला कसा जमा झाला? ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

४ ते २२ एप्रिल २०२४ च्या सुमारास कॅनडातील टोरांटो येथे आव्हानवीरांची स्पर्धा भरली होती. जगात निवडलेले आठ खेळाडू, प्रत्येकाशी दोन डाव, एकूण चौदा फेऱ्या. आणि जो पहिला येईल त्याने जगज्जेत्याला आव्हान द्यायचे. या आठांत तीन भारतीय होते : गुकेश, प्रज्ञानंद आणि आपला विदित. पुरुषांत आनंदखेरीज दुसऱ्या कुणा भारतीयाचे पाऊल या स्पर्धेत त्यापूर्वी पडले नव्हते, एवढे लक्षात घेतले म्हणजे नाशिककरांना त्या महिन्यात झोप का लागली नसेल हे कळेल. दुसऱ्या फेरीत विदितपुढे आला अमेरिकेचा हिकारू नाकामुरा. हा गृहस्थ असा की, संथ वेळेच्या खेळात ओळीने ४७ डाव त्याला कुणी हरवू शकले नव्हते. त्यात पांढरे मोहरे त्याचे. म्हणजे पहिली चालही त्याचीच.

डाव सुरू झाला. पांढऱ्या राजाने किल्लेकोट करून आपले घर गाठलेले होते. त्याच्यापुढचे हत्तीच्या रांगेतले प्यादे एक घर पुढे सरकलेले होते. आपणही खेळताना असे प्यादे एक घर सरकवतोच. काळ्याचा उंट किंवा घोडा फार जवळ येऊन बसू नये, म्हणून लावलेली ती कडी. दिसायला अगदी घरंदाज चाल. अकराव्या चालीला विदितने आपला उंट उचलला आणि तिरक्या रेषेत सरळ नेऊन त्या प्याद्यावर घातला. प्यादे गेले, पण उंटही शत्रूच्या तोंडात उभा! दाराची कडी उचकटण्यासाठी चक्क उंट मोडायचा!

ज्यांना खेळाची सवय नाही, त्यांच्यासाठी यातला हिशोब मांडतो, कारण सारी मजा हिशोबातच आहे. प्याद्याची किंमत एक धरली, तर घोडा आणि उंट यांची तीन-तीन, हत्तीची पाच आणि वजिराची नऊ धरतात. म्हणजे तीन रुपयांचा उंट देऊन विदितने एक रुपयाचे प्यादे घेतले. किराणा दुकानदार याला दिवाळखोरी म्हणेल. परंतु बुद्धिबळात मालाची किंमत वखारीत करून चालत नाही. तो माल त्या घटकेला कुठे उभा आहे यावर ती ठरते. राजापुढे तीन प्याद्यांची भिंत असते. उंटाला मारायचे तर घोड्याच्या रांगेतल्या प्याद्याला आपली जागा सोडून बाजूला जावे लागते. त्याने जागा सोडली की भिंतीला खिंडार पडते; ते पुन्हा बुजवता येत नाही, कारण प्यादे मागे फिरत नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच की, त्या खिंडारापाशी आधी कोण पोचतो? हल्ला करणाऱ्याचा वजीर, घोडा आणि हत्ती, की बचाव करणाऱ्याचे रक्षक? राजाच्या अंगणात हल्लेखोर तीन आणि रक्षक एक असेल, तर बाकी पटावर शत्रूकडे एक उंट जास्त असून काय उपयोग? घरात चोर शिरल्यावर शेतावरचे गडी कामास येत नाहीत, त्यातलाच प्रकार.

नाकामुरा हा काही कच्चा गडी नव्हे. त्याने विचार केला, धडपड केली. पण राजाची घडी जी विस्कटली ती पुन्हा बसली नाही. तीस चालींच्या आत त्याने डाव सोडला. ४७ डावांची अभेद्य भिंत पडली, आणि ती भिंत पाडणारा कोण, तर पक्क्या बांधणीचा म्हणून ओळखला जाणारा नाशिकचा मुलगा. एवढ्यावर भागले नाही. नवव्या फेरीत दोघांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा विदितने पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याला दुसऱ्यांदा हरवले.

हा डाव आमच्या नातवाने मोबाईलवर किती वेळा पाहिला, त्याची गणती नाही. सूनबाई म्हणतात, पोराला रामरक्षा अर्धी येते, पण हा डाव पूर्ण पाठ आहे. आणि इथेच आमच्या घरचे खरे संकट सुरू होते.

यंदाच्या पावसाळ्यात नगरला एका मंगल कार्यालयात दोन दिवसांची खुली स्पर्धा होती. सात फेऱ्या. चिरंजीवांचा, म्हणजे नातवाच्या वडिलांचा, या सगळ्याला विरोध. ते एमआयडीसीत नोकरीला आहेत, सकाळी सातला घर सोडतात आणि मुलाने शिष्यवृत्तीची परीक्षा, मग दहावी, मग पुढचे सारे वेळापत्रकाबरहुकूम पार पाडावे असे त्यांना वाटते. जेवताना ते म्हणाले, “नाना, ही एक स्पर्धा तुमच्या शब्दाखातर. यात काही झाले नाही, तर मोबाईलवरचा खेळ बंद आणि पटही माळ्यावर.” नातू ताटात बघत बसला. मीही ताटातच बघत बसलो. त्याचे कारण मात्र वेगळे होते.

ते कारण आज सांगून टाकतो. १९९७ साली प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले. आनंद आणि दिव्येंदु बरुआ यांच्यानंतरचे तिसरे भारतीय, महाराष्ट्राचे पहिले. त्या बातमीचे कात्रण आमच्या कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवलेले मला सापडले. चिकटवणारा होता आमचा चिरंजीव, तेव्हा नववीत. बरा खेळायचा. माझ्याहून बरा, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पुढच्या वर्षी दहावी. मी एका संध्याकाळी त्याचा पट गुंडाळला, मोहरे डब्यात भरले आणि माळ्यावर टाकून म्हणालो, “बुद्धिबळाने पोट भरत नाही.” स्वतः मी सांगलीच्या मित्राला कार्डे लिहीतच होतो! पोराने वाद घातला नाही. दहावीला चांगले गुण मिळवले, पदविका घेतली, नोकरीला लागला. माझे काही चुकले असे मला कुणी आजवर म्हटले नाही, त्यानेही नाही. मात्र त्या दिवसानंतर तो माझ्याशी एकही डाव खेळला नाही. तेव्हा पट माळ्यावर टाकण्याची भाषा या घरात नवी नव्हती, आणि ती शिकवणारा मीच होतो.

स्पर्धेच्या दिवशी मी नातवाला घेऊन गेलो. कार्यालयात ओळीने टेबले, दोन्ही बाजूंना पोरे, बाहेर छत्र्या हातात धरून उभे असलेले पालक. पहिल्या फेरीत नातवापुढे आठवी-नववीतला एक शांत मुलगा होता. मी खिडकीतून पाहत होतो. दहाबारा चाली झाल्या असतील-नसतील, आमच्या पठ्ठ्याने उंट उचलला आणि थेट समोरच्या राजापुढच्या प्याद्यावर घातला. हुबेहूब विदित! त्या शांत मुलाने चष्मा सारखा केला, उंट मारला आणि पुढची चाल यायची वाट पाहत बसला. पुढची चाल आमच्याकडे होती कुठे? वजीर घरात, घोडा अजून जागचा हललेला नाही, हत्ती कोपऱ्यात झोपलेला. अर्ध्या तासात डाव आटोपला.

बाहेर आल्यावर पोराने माझा हात धरला आणि म्हणाले, “आबा, घरी चला. आता पट माळ्यावरच जाणार.” डोळ्यांत पाणी. मी त्याला कोपऱ्यावरच्या टपरीवर नेले, स्वतःसाठी चहा आणि त्याच्यासाठी क्रीमरोल घेतला, आणि त्याला त्याच्याच दैवताची ती गोष्ट सांगितली, जी मोबाईलवर त्याने कधी पाहिली नव्हती. कारण ती पाहण्यासारखी नाही, हरण्याची आहे.

“विदित टोरांटोला पोचला कसा, ठाऊक आहे का तुला?” मी म्हणालो. “२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर मोठी स्पर्धा झाली. शंभरावर खेळाडू, अकरा फेऱ्या, आणि पहिल्या दोघांनाच टोरांटोचे दार उघडणार. विदित पहिल्याच फेरीत हरला. हॉलंडच्या एर्विन लामी नावाच्या खेळाडूने त्याला हरवले. त्याच्यापेक्षा वरचे मानांकन असलेले कितीतरी लोक त्या दालनात बसले होते. त्या रात्री त्याने सामान बांधले असते, तर कुणी नावे ठेवली नसती.”

“मग?”

“मग काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा पटापुढे जाऊन बसला. स्विस पद्धत असते ना रे, तुझ्या या स्पर्धेसारखीच. हरला म्हणून कुणी घरी पाठवत नाही. हरलेल्यांशी खेळवतात, आणि जिंकत गेलास की पुन्हा वरच्या टेबलावर नेतात. तो एकेक टेबल वर चढत गेला. शेवटी अकरांपैकी साडेआठ गुण करून पहिला आला. आणि अर्ध्या गुणाने दुसरा कोण आला असेल?”

नातवाने क्रीमरोल तोंडापासून दूर धरला. “नाकामुरा?”

“तोच. आणि टोरांटोत तू पाहतोस तो उंट त्यानंतर पाच महिन्यांनी पडला. आता मला सांग, तुझ्या उंटामागे वजीर कुठे होता?”

पोर गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “घरात.”

“आणि घोडा?”

“तोपण.”

वाचकहो, हल्ल्याचे शास्त्र मी पोस्टातला माणूस काय सांगणार! ते एकोणिसाव्या शतकात स्टाइनिट्झने सांगून ठेवले आहे. त्याच्या आधीचे खेळाडू प्रतिभेच्या जोरावर मोहरे उधळीत. १८५१ साली लंडनला आंडरसनने दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली, तो डाव आजही ‘अमर डाव’ म्हणून ओळखला जातो. स्टाइनिट्झ म्हणाला की, हल्ला करावासा वाटला म्हणून करायचा नसतो. आधी बारीक बारीक फायदे जमवायचे, आणि ते पुरेसे साठले की मग मात्र हल्ला केलाच पाहिजे; नाहीतर साठवलेले विरून जाते. हा स्टाइनिट्झ १८८६ मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता झाला. नंतर १९६० साली रीगाचा मिखाईल ताल तेविसाव्या वर्षी जगज्जेता झाला, तेव्हा त्याचे धाडसी बळी पाहून लोकांना वाटले की स्टाइनिट्झ खोटा पडला. परंतु तालच्या मोहऱ्यांकडे नीट पाहावे. बळी देण्यापूर्वी ते सगळे जागे असतात. जळणारी वात तेवढी आपल्याला दिसते; दारू आधी कुणी ठासली ते दिसत नाही. विदितचा तो उंट असाच. अशी चाल अकराव्या मिनिटाला सुचलेली नसते. तिच्यामागे घरी बसून केलेला कित्येक वर्षांचा अभ्यास उभा असतो.

आता सत्य सांगायला बसलोच आहे, तर अर्धे सांगून चालणार नाही. टोरांटोत नाकामुराला लोळवल्यावर विदित पुढच्या दोन फेऱ्या लागोपाठ हरला. आधी प्रज्ञानंदकडून, मग नेपोम्नियाश्चीकडून. शेवटी चौदांत सहा गुण आणि सहावा क्रमांक. स्पर्धा जिंकली गुकेशने, नऊ गुण करून. आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापुरात डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी जगज्जेता झाला तोही गुकेशच. म्हणजे ज्या चालीवर सारे जग फिदा झाले, ती खेळणाऱ्याला त्या स्पर्धेत पाचवाही क्रमांक मिळाला नाही! हे मी नातवाला त्या टपरीवर सांगितले नाही. पण चिरंजीवांना सांगितले, कारण हिशोब मांडायचा तर जमेबरोबर खर्चही मांडला पाहिजे.

आणि त्या खर्चापुढे आणखी एक जमेची नोंद आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या पुरुषांनी आणि स्त्रियांनी, दोघांनीही सुवर्णपदक मिळवले. त्या पुरुष संघात चौथ्या पटावर विदित बसत होता. वरच्या पटांवर गुकेश, प्रज्ञानंद आणि अर्जुन एरिगैसी अशी विशीच्या आसपासची पोरे. त्यांच्या मागे हा जुना, भरवशाचा गडी. एकत्र कुटुंबात मधल्या भावाचे जे काम, ते चौथ्या पटाचे. वर्तमानपत्रात छायाचित्र मोठ्याचे आणि धाकट्याचे येते. घर मधला चालवतो. हल्ला करता येणे ही एक गोष्ट, आणि आज संघाला काय हवे हे ओळखून गप्प बसता येणे ही दुसरी. दोन्ही ज्याला येतात, तो मोठा.

आता आमच्या स्पर्धेचे काय झाले ते सांगतो. पोर परत आत गेले. दुसरी फेरी जिंकली, तिसरी हरली, चौथीत बरोबरी झाली. सातव्या फेरीत मी पुन्हा खिडकीपाशी उभा होतो. समोरच्या राजाने तशीच कडी लावलेली, तसेच प्यादे पुढे. पोराचा हात उंटाकडे गेला आणि थांबला. त्याने आधी घोडा आणला. मग वजीर. मग कोपऱ्यातला हत्ती मोकळा केला. पाच-सहा चाली त्याने नुसती जुळवाजुळव केली, आणि मग उंट टाकला. या खेपेस मात बसली. एकूण साडेचार गुण. बक्षीस नाही, भाग घेतल्याचे प्रमाणपत्र तेवढे, ज्यात आडनाव चुकीचे छापलेले.

रात्री चिरंजीवांनी विचारले, “काय झाले?” नातू म्हणाला, “पहिली हरलो.” आणि मग त्यांना पहिल्या डावातली चूक पटावर मांडून दाखवू लागला. जिंकलेले डाव दाखवायचे सोडून हरलेला दाखवत होता! वजीर घरात कसा राहिला, घोडा आधी का यायला हवा होता, सारे सांगत होता. चिरंजीव उभ्या-उभ्याच बघत होते, डबा हातात तसाच. मध्येच ते खाली वाकले आणि म्हणाले, “घोडा तिकडून नको. इकडून आण. तिथे त्याला प्याद्याचा जोर राहील.” अठ्ठावीस वर्षांनी त्यांचे बोट पटाला लागलेले मी पाहिले. सौ. आतून काहीतरी विचारत होत्या. मला ऐकू आले नाही असे मी दाखवले.

मग आमची तिघांची बैठक बसली. चौथ्या सूनबाई, त्यांनी तर पूर्ण तयारीच केली होती. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली, हे त्यांनी सांगितले. आपल्याच जिल्ह्यातला शार्दूल गागरे २०१६ साली ग्रँडमास्टर झाला, तेही सांगितले. चिरंजीव म्हणाले, “ती सगळी हजारांतली एकेक नावे आहेत. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांचे काय, तेही बघायला हवे.” हे म्हणणे खोटे नाही, आणि कुणी ते खोटे ठरवण्याचा प्रयत्नही केला नाही. अखेर असे ठरले : शाळा सुटणार नाही, शिष्यवृत्तीची परीक्षा बुडणार नाही, आठवड्यातून दोन संध्याकाळी नगरला शिकवणी आणि वर्षाला चार स्पर्धा. दहावी आली की पुन्हा बसून बोलायचे. पण बोलायचे, न विचारता पट गुंडाळायचा नाही. हे शेवटचे कलम चिरंजीवांनी घातले. माझ्याकडे न बघता घातले, तरी ते कुणासाठी होते हे मला कळले.

दिवाळीच्या साफसफाईला माळा काढला, तेव्हा तो जुना डबा खाली आला. एक पांढरा घोडा हरवलेला. त्याच्या जागी आम्ही बाटलीचे बूच ठेवले आहे. वसुबारसेच्या संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर चिरंजीव ओसरीवर आले, पट मांडला आणि म्हणाले, “बसा, नाना.” नातू मध्ये पाटावर बसला, पंच म्हणून. आम्ही दोघेही सावध खेळलो. एवढ्या वर्षांनी कुणी आधी बळी द्यावा हे दोघांनाही उमजेना. तासाभराने मी पाहिले की माझ्या राजापुढची भिंत जरा सैल झाली आहे आणि समोरचे मोहरे एकेक करून तिकडे वळत आहेत. फार पद्धतशीर. मी हात पुढे केला आणि बरोबरी मागितली.

चिरंजीव पटाकडे बघत म्हणाले, “अजून थोडे खेळू या, नाना.”

तो डाव मी हरलो. तुम्हां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.